परतीच्या वाटेवरची कुत्री

शालेय निबंधातील सहल बहुधा एकाच वाक्याने संपते: ‘थकूनभागून रात्री घरी परतलो.’ एम.ए.च्या वर्गाला प्रवासवर्णन शिकवताना जाणवते, की आपल्या पुष्कळशा प्रौढ प्रवासलेखनानेही या वाक्यापुढे मजल मारलेली नाही. निघण्याची लगबग, वाट, शिखर, दर्शन यांवर पानेच्या पाने. परतीला मात्र एक ओळ.

दिवाळीच्या सुटीत आम्ही नरखेडहून वरूड-मोर्शीमार्गे सालबर्डीला गेलो. सातपुड्याच्या पायथ्याशी, माडू नदीच्या काठी, मध्य प्रदेशाच्या सीमेवरचे हे ठिकाण. महाशिवरात्रीला येथे मोठी यात्रा भरते; एरवी निवांतपणा. सोबत घरची दोन लहान कुत्री होती, म्हणूनच मेळघाटाचा मोह टाळला. पाळीव कुत्र्यांचे रोग वन्यप्राण्यांना लागतात. व्याघ्रप्रकल्पात त्यांना नेऊ नये, हेच योग्य. तीन दिवस पायवाटा तुडवल्या. दुसऱ्या दिवशी पायथ्याच्या वस्तीतले एक तांबडे कुत्रे आमच्यात सामील झाले. आम्ही त्याला भाकरी दिली, हाक मारायला नावही दिले.

निघालो त्या दुपारी ते गाडीमागे धावत आले आणि वळणावर थांबले. गाडीत कोणी काही बोलले नाही. वाटेत आंबिया बहाराची संत्री भरलेल्या गाड्या लागल्या. घरी पोहोचताच आमच्या दोघांनी अंगण, कडुनिंब, उंबरठा हुंगून काढला. रात्री त्यांच्या केसांतली कुसळे वेचताना मला ते तिसरे कुत्रे आठवत होते.

महाभारताच्या सतराव्या, महाप्रस्थानिक पर्वात द्रौपदी आणि चारही भाऊ वाटेत कोसळतात. युधिष्ठिरासोबत उरते ते एक कुत्रे. त्याला सोडून रथात बस, असे इंद्र सांगतो. आश्रयाला आलेल्याला टाकून मिळणारा स्वर्ग धर्मराज नाकारतो. हा प्रसंग मी वर्गात अनेकदा रंगवून सांगितला आहे. सालबर्डीच्या वळणावर मात्र गाडी थांबवली नाही.

योगायोग असा, की होमरच्या ‘ओडिसी’तही कुत्रे येते ते सतराव्या सर्गात. वीस वर्षांनी भिकाऱ्याच्या वेशात परतलेल्या धन्याला म्हातारा आर्गोस ओळखतो, शेपूट हलवतो आणि प्राण सोडतो. व्यासांचे कुत्रे न परतण्याच्या वाटेवरचे, होमरचे परतीचे. दोन्हीकडे ते एकच काम करते: प्रवासी कोण आहे, याची परीक्षा घेते.

परत न येणे हीच मुक्ती मानणाऱ्या परंपरेत परतीचे कौतुक कमी असणे स्वाभाविक आहे. आषाढीला पंढरीच्या वाटेवर लाखोंची दाटी होते. गोपाळकाल्यानंतर माउलींची पालखी आळंदीकडे निघते, तेव्हा सोबतीला तुलनेने थोडेच वारकरी उरतात. आपली भाषा मात्र वेगळे सांगते. उंबरठा ओलांडताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. निघण्याच्या क्षणीच परतीचा शब्द देणाऱ्या भाषेतील प्रवासलेखनाने परत येण्याला एका ओळीत गुंडाळावे, ही विसंगती आहे.

कोणी म्हणेल, परतीची वाट तीच असते, तिच्यात नवे काय सांगायचे? वाट तीच असते, हे खरे. पण जाताना आपले कोणाशी देणेघेणे नसते, येताना असते. काय सोबत आणले आणि काय मागे टाकले, याचा हिशेब परतीतच होतो. म्हणून प्रवासवर्णनाचे मूल्यमापन त्याच्या शेवटच्या पानांवरून व्हावे, असे माझे मत आहे. ती पाने लिहिताना लेखकाला स्वतःची सोयीची प्रतिमा जपता येत नाही. कदाचित म्हणूनच ती लिहिली जात नसावीत.

या सत्रात विद्यार्थ्यांना सहलीवर निबंध लिहायला सांगणार आहे. अट एकच: सुरुवात परतीपासून करायची. माझा निबंध त्या वळणापासून सुरू होईल.