सोलो ओसरला, गिटार नाही

गिटारचे दिवस भरले, असं म्हणणाऱ्यांची बाजू आधी नीट मांडली पाहिजे. ती अगदीच लेचीपेची नाही. जून २०१७ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने इलेक्ट्रिक गिटारच्या संथ मृत्यूवर मोठा लेख छापला. दहा वर्षांत अमेरिकेतली इलेक्ट्रिक गिटारची वार्षिक विक्री सुमारे १५ लाखांवरून १० लाखांच्या जरा वर येऊन थांबली, हा त्यातला आकडा तेव्हापासून जगभर फिरतो आहे. पुढच्याच वर्षी, १ मे २०१८ रोजी, गिब्सन या गिटार बनवणाऱ्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. नोव्हेंबर २०२० मध्ये ‘गिटार सेंटर’ ही वाद्यविक्रीची बलाढ्य अमेरिकन साखळीही त्याच वाटेने गेली. याला कानांची साक्ष जोडली जाते. ‘दम मारो दम’ची सुरुवात भूपिंदर सिंग यांच्या गिटारने होते आणि पहिल्या काही सुरांतच गाणं ओळखू येतं, आज अशी गिटार कुठे ऐकू येते, असा सवाल केला जातो. ठेका संगणकातला, सूर कीबोर्डवरचे, मग गिटार उरली कुठे?

पुरावा भरपूर आहे. पण तो कशाचा पुरावा आहे, हे तपासायला हवं.

गिब्सन बुडाली ती गिटारमुळे नव्हे. २०१४ मध्ये या कंपनीने फिलिप्सचा हेडफोन-स्पीकरचा धंदा साडेतेरा कोटी डॉलरना विकत घेतला आणि त्यापायी ती कर्जात रुतली. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये ती सावरून बाहेर आली, तेव्हा हा इलेक्ट्रॉनिक्सचा पसारा टाकून दिला होता आणि गिटार राखल्या होत्या. धनकोंनाही गिटारचाच धंदा भरवशाचा वाटला, याहून वेगळी साक्ष कोणती हवी? ‘गिटार सेंटर’ची गोष्टही कर्जाचीच. २००७ मध्ये कर्ज काढून झालेल्या खरेदीचं ओझं त्या साखळीच्या मानेवर होतं. महामारीत दुकानं बंद पडली आणि मान मोडली.

विक्रीच्या आकड्यात फक्त इलेक्ट्रिक गिटार आहे, तीही नवी. त्या दहा वर्षांत २००८ ची मंदी आहे. शिवाय चांगली गिटार माणसाच्या आयुष्याला पुरते. १९५४ साली बाजारात आलेल्या स्ट्रॅटोकास्टरच्या पहिल्या खेपेतल्या गिटार आजही वाजतात आणि हातोहात विकल्या जातात. २०१३ मध्ये सुरू झालेल्या ‘रिव्हर्ब’सारख्या संकेतस्थळावर जुन्या गिटारची केवढी उलाढाल चालते! ती कारखान्याच्या हिशेबात येत नाही. २०२० च्या टाळेबंदीत तर फेंडर कंपनीने आपल्या इतिहासातली विक्रमी विक्री नोंदवली. हा आकडा माझ्या बाजूचा आहे, तरी मी त्याच्यावर विसंबणार नाही. ती लाट पुढे ओसरली, आणि मुळात दुकानाच्या गल्ल्यावरून वाद्याचं आयुष्य मोजणं हीच चूक आहे.

राहिली कानांची साक्ष. ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि तिथेच विरोधी पक्ष सपशेल चुकतो. २०१७ च्या ज्या उन्हाळ्यात तो मृत्यूचा लेख छापला गेला, त्याच उन्हाळ्यात ‘देस्पासितो’ हे गाणं अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड’ या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत १६ आठवडे पहिलं राहिलं. त्याची सुरुवात होते क्वात्रोने. क्वात्रो म्हणजे पोर्तो रिकोतली गिटारची सख्खी बहीण, दहा तारांची. २०१८ मध्ये ज्यूस वर्ल्ड या कोवळ्या वयाच्या रॅपरचं ‘ल्युसिड ड्रीम्स’ गाजलं. ते सगळं गाणं स्टिंगच्या १९९३ मधल्या गाण्यातल्या गिटारवर उभं आहे. ती गिटार डॉमिनिक मिलर यांची. २०२३ मध्ये ‘एया बाइला सोला’ हे मेक्सिकोच्या प्रादेशिक संगीतातलं गाणं बिलबोर्डच्या पहिल्या दहांत पोहोचलं. त्या परंपरेतलं हे पहिलंच. त्यात विशीतली पोरं गातात आणि रेकिंतो नावाची उंच सुराची गिटार सबंध गाणं ओढून नेते.

सहारा वाळवंटातल्या तुआरेग लोकांचं उदाहरण मला याहून मोलाचं वाटतं. तिनारिवेन या त्यांच्या वाद्यवृंदाला २०१२ मध्ये ग्रॅमी मिळालं. नायजर देशातल्या म्दू मोक्तारने पहिली गिटार स्वतःच्या हातांनी बनवली, तिच्या तारा सायकलच्या केबलमधून काढलेल्या. त्या मुलखात त्याची गाणी पसरली ती मोबाइलच्या मेमरी कार्डांवरून. गिटारला मोबाइलने मारलं असं म्हणणाऱ्यांनी तिथे पाहावं: मोबाइलनेच ती गावोगाव नेली.

मग कमी झालं ते काय? सोलो कमी झाला. गाणं मध्येच थांबवून पुढे येणारा, दिव्यांच्या झोतात मान मागे टाकून वाजवणारा नायक कमी झाला. साधारण १९६५ ते १९९५ हा त्याचा काळ. गिटारचं वय त्याहून कितीतरी मोठं आहे, आणि त्या बहुतेक आयुष्यात ती साथीचं वाद्य होती. गोव्यात मांडो या गीतप्रकाराबरोबर व्हायोलिन आणि घुमटाच्या जोडीने ती वाजत आली, तिथे कोणी सोलोची वाट पाहत नाही. आर. डी. बर्मन यांच्या गाण्यांतली भानू गुप्ता यांची ऱ्हिदम गिटार आठवा. ‘चिंगारी कोई भड़के’मध्ये ती किती हलक्या हाताने वाजते, तरी ती काढून टाकली तर गाण्याखालची जमीनच जाते. जोधपूरच्या ब्रिजभूषण काबरा यांना तर मींड हवी होती. त्यांनी गिटार आडवी मांडीवर घेतली, पडद्यांचा नाद सोडला, तारांवरून दांडी सरकवली आणि १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मांचं संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्या बरोबरीने राग उभा केला. ज्या वाद्याला जोधपूरचा माणूस असं आपलंसं करू शकतो, त्याचं भवितव्य एका रॉक संगीताच्या भरतीओहोटीला बांधायचं कशाला?

ती टिकते याचं कारण मला फार साधं दिसतं. वाजवता वाजवता गाता येतं. सूर आणि ठेका दोन्ही एकाच हातात असतात. वीज लागत नाही, खांद्याला अडकवून राजमाचीच्या ट्रेकलाही नेता येते. जी, सी, डी आणि ई मायनर या चार कॉर्डवर शेकडो गाणी निघतात. गाणारीची पट्टी काळी चार असो की पांढरी पाच, कॅपो नावाचा चिमटा सरकवला की बोटांचे तेच आकार चालतात. पहिले काही आठवडे बोटांची टोकं सोलवटतात, एफ कॉर्ड लागता लागत नाही, आणि पुष्कळ जण तिथेच सोडतात हेही खरं. जे राहतात त्यांना स्वतःचं गाणं करता येतं. प्रतीक कुहाड किंवा अनुव जैन या गायकांच्या कार्यक्रमांना लोटणारी तरुण गर्दी आवाज आणि गिटार एवढ्यासाठीच येते. फेंडरच्या २०१८ च्या पाहणीत अमेरिका-ब्रिटनमधल्या नवशिक्यांत निम्म्या स्त्रिया आढळल्या. लांब केसांचा पुरुष नायक शोधणाऱ्या नजरेला या मुली दिसल्या नाहीत, म्हणून तिला सगळं ओस वाटलं.

तरीही या वादात विरोधी पक्षाच्या हातून निसटलेलं खरं नुकसान आहे, आणि त्याचा मला राग येतो. नुकसान गिटारचं नाही, गिटारवादकाचं आहे. मुंबईच्या स्टुडिओंत पूर्वी अख्खा वाद्यवृंद बसे. गिटारवादकाला त्याच्या जागेचं काम आणि दाम मिळे. आज घरून चार मात्रांचा तुकडा मागवला जातो आणि तोच कापून, जोडून सबंध गाण्यात फिरवला जातो, किंवा संगणकातल्या तयार साठ्यातून उचलला जातो. गिटार ऐकू येते, पण वाजवणाऱ्याला एकाच तुकड्याचे पैसे मिळतात, तेही मिळाले तर. आणि नाव? गाण्याच्या ॲपवर गायक, संगीतकार, गीतकार आणि कंपनी दिसते. गिटार कोणाची, हे बहुतेक वेळा सापडतच नाही. भूपिंदर आणि भानू गुप्ता यांची कामगिरी रसिकांना कळली ती मुलाखतींतून, फार उशिरा. ए. आर. रेहमान यांच्या कॅसेटच्या वेष्टनावर वादकांची नावं छापलेली असत. कागदाच्या तेवढ्याशा घडीत ती मावत होती; ॲपच्या पडद्यावर तर जागेची अडचणच नाही.