खुर्ची जानरेची, मग सुतार कुठे गेला?

इमारती, खुर्च्या आणि झाडांवर आम्ही लिहितो आहोत असे कळल्यावर एक सहकारी वैतागला. शिष्यवृत्त्या रखडल्या आहेत, वसतिगृहांत जागा नाहीत, आणि तुम्ही वास्तुकलेचे कौतुक करत बसणार? त्याचा राग रास्त आहे. पण त्यात एक गृहीतक दडले आहे: सौंदर्य पाहावे ते पोट भरलेल्यांनी, आपण फक्त निवेदने द्यावीत. ते आम्हाला मान्य नाही.

चंदिगडच्या सेक्टर 14 मध्ये पंजाब विद्यापीठ आहे. फाळणीत लाहोर गेले, तिथले जुने विद्यापीठही गेले. नव्या राजधानीबरोबर हा परिसर उभा राहिला. त्याची रचना ल कार्बुझिएचा चुलतभाऊ पिएर जानरे आणि बी. पी. माथूर यांची. तिथले गांधी भवन पाण्याच्या तळ्यात भिरभिऱ्याच्या तीन पात्यांसारखे उभे आहे. (नाव वाचून आपल्यातल्या काहींना पुणे करार आठवेल. आठवू द्या, इमारत तरीही पाहा.) शिखर नाही, महाल नाही, वेस नाही. आपल्या गावात वेस, वाडा, देऊळ या प्रत्येक बांधकामाने आपल्याला कुठे थांबायचे ते सांगितले. इथला दगड आणि काँक्रीट आत येणाऱ्याला जात विचारत नाही. आधुनिक वास्तुकला आम्हाला आवडते ती यासाठी.

आता खुर्चीकडे येऊ. सागवान, वेताची बैठक, उलट्या ‘व्ही’सारखे पाय. जानरे, युली चौधरी आदींनी कचेऱ्या, वर्ग, ग्रंथालये यांच्यासाठी असे साधे फर्निचर आखले; ते बनवले स्थानिक सुतारांनी. पुढे ते जुने झाले, भंगाराच्या भावाने विकले गेले आणि युरोप-अमेरिकेतल्या लिलावांत एकेक खुर्ची लाखो रुपयांना जाऊ लागली. 2011 मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाला विक्रीवर बंदी घालावी लागली. लिलावात बोली लागते ती जानरेच्या नावावर. रंधा मारणाऱ्याचे, वेत विणणाऱ्याचे नाव कुणी विचारतही नाही. आखणारा कलावंत आणि करणारा मजूर ही वाटणी आपल्याला नवी नाही. आपल्याकडे बांबू विणणाऱ्या बुरुडाला कलावंत कुणी म्हटले?

शहर बांधले जात असतानाची छायाचित्रे पाहा. डोक्यावर घमेली घेऊन उतरंडीवरून चढणाऱ्या बाया दिसतात. त्यांनी बांधलेल्या आखीव शहरात त्यांच्यासाठी सेक्टर नव्हता. त्या झोपड्यांत राहिल्या. 2016 मध्ये तिथले कॅपिटॉल संकुल जागतिक वारसा झाले. वारसदारांच्या यादीत या बाया कुठे आहेत?

सहकाऱ्याला आम्ही औरंगाबादच्या नागसेनवनाची आठवण करून दिली. 1 सप्टेंबर 1951 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते मिलिंद महाविद्यालयाच्या इमारतीची पायाभरणी झाली. हिंदू कोड बिलाच्या धामधुमीतही बाबासाहेबांनी तिथल्या बांधकामात आणि झाडांत जातीने लक्ष घातले. खेड्यातून येणाऱ्या आपल्या पोराला कशीबशी चार भिंतींची शाळा पुरेल, असे त्यांनी मानले नाही.

म्हणून आमची मागणी दुहेरी आहे. उरलेल्या खुर्च्या काचेआड ठेवू नका. दुरुस्त करा आणि त्यांवर विद्यार्थी बसू द्या. आणि जुन्या कारागिरांपैकी, मजुरांपैकी जे हयात असतील त्यांना शोधून त्यांची नावे आताच नोंदवा. सहकारी म्हणाला, निवेदनाचा मसुदा मीच करतो.