राक्षसपटाची थोरवी कशांत?

चित्रपट पाहावा कीं पाहूं नये, हा वाद आतां मागें पडला. चित्रपट घरांत आला, इतकेंच नव्हे तर पालकांच्या खिशांतील यंत्रांत येऊन बसला. तेव्हां दाराला कडी घालून उपयोग नाहीं. आतां विचार करावयाचा तो इतकाच, कीं पाहिलेल्याची किंमत कशी करावी. ‘गॉडझिला मायनस वन’ या जपानी चित्रपटावरून आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांत सध्यां दोन पक्ष पडले आहेत. त्यांच्या वादाच्या निमित्तानें या प्रश्नाचा थोडा ऊहापोह करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ताकाशी यामाझाकी यांनीं दिग्दर्शित केलेला हा चित्रपट इ. स. २०२३ मध्यें जपानांत प्रदर्शित झाला व २०२४ च्या मार्चमध्यें अमेरिकेंत त्यास दृश्यचमत्कृतीचें ऑस्कर पारितोषिक मिळालें. गॉडझिलाच्या चित्रपटांची परंपरा १९५४ पासूनची. परंतु त्यांपैकीं एकासही पूर्वीं हा मान मिळाला नव्हता. सुमारें ३५ कलावंतांनीं ६१० दृश्यें सिद्ध केलीं आणि दिग्दर्शक स्वतःच त्यांचा प्रमुख होता. अमाप पैसा ओतणाऱ्या अमेरिकन कंपन्यांना थोडक्या माणसांनीं मागें टाकलें, हें पाहून एक पक्ष हर्षभरित झाला आहे. दुसरा पक्ष म्हणतो, ‘एक सरडा डोंगराएवढा करून दाखविला, त्यांत एवढें कौतुक कशाचें? आमच्या आजीनें सांगितलेला बकासुर काय लहान होता?’

आमच्या मतें हे दोन्ही पक्ष राक्षसाकडेच पाहत बसले आहेत. राक्षसाच्या आकारावरून राक्षसपटाची परीक्षा होत नाहीं. त्यास दोनच प्रश्न विचारावे: हा राक्षस कोणीं निर्माण केला? आणि त्याच्यापुढें माणूस कसा वागला?

पहिला प्रश्न १९५४ च्या मूळ चित्रपटानें निर्भयपणें विचारला होता. त्या वर्षीं १ मार्च रोजीं अमेरिकेनें बिकिनी बेटावर हायड्रोजन बाँबचा स्फोट केला; त्याची राख एका जपानी मासेमारी नौकेवर पडून तिच्यावरील २३ कोळी आजारी झाले आणि सप्टेंबरांत त्यांपैकीं एक मरण पावला. नोव्हेंबरांत इशिरो होंडा यांचा ‘गोजिरा’ पडद्यावर आला. रबरी पोशाखांत शिरलेला एक नट खेळण्यांतलें शहर तुडवीत होता, हें खरें. पण हायड्रोजन बाँबनें जागा केलेला तो राक्षस पाहतांना हिरोशिमा सोसलेल्या प्रेक्षकांस हंसूं आलें नसेल.

या कसोटीस नवा चित्रपट अर्धाच उतरतो. अणुस्फोटानें राक्षस वाढला, हें तो सांगतो. परंतु ज्या युद्धाच्या राखेंत त्याची कथा घडते, तें युद्ध जपाननें शेजाऱ्यांच्या घरांत नेलें होतें, याविषयीं तो मूग गिळून बसतो. टोकियोची होळी दिसते, चीनची दिसत नाहीं. मराठा पलटणीच्या शिपायांनीं १९४४ च्या मार्चमध्यें मणिपुरांत संगशाक येथें याच जपानी फौजेशीं झुंज दिली, हें आम्हां महाराष्ट्रीयांस विसरतां येत नाहीं. स्वतःचें दुःख सांगतांना दुसऱ्यास दिलेलें दुःख गाळणें, हें या चित्रपटाचें मोठें वैगुण्य होय.

दुसऱ्या प्रश्नास मात्र तो उत्तम उत्तर देतो. शिकिशिमा या वैमानिकास विमानासह शत्रूच्या जहाजावर आदळून मरण्याची आज्ञा असते. यंत्र बिघडल्याची सबब सांगून तो एका बेटावर उतरतो. त्याच रात्रीं तेथें राक्षस येतो, शिकिशिमाच्यानें तोफ डागवत नाहीं आणि एकाखेरीज सारे कारागीर मारले जातात. जळालेल्या टोकियोंत तो परततो, तेव्हां जिवंत आल्याबद्दल शेजारीण त्याची निर्भर्त्सना करते. पुढें राक्षस राजधानीवर येतो. सरकार हात वर करतें. भीमाची वाट पाहण्याची सोय नसल्यामुळें जुने खलाशी व कारागीर आपण होऊन एकत्र जमतात. त्यांचा शास्त्रज्ञ सांगतो, कीं आपल्या देशानें माणसाचा जीव फार स्वस्त लेखला. या लढाईंत कोणींही मरावयाचें नाहीं. मूळ चित्रपटांतील शास्त्रज्ञ आपल्या शस्त्राचें रहस्य घेऊन समुद्रतळीं मरतो. येथें मात्र, जो एकटा कारागीर वांचला होता, तोच शिकिशिमाच्या विमानांत सुटकेचें आसन बसवून त्याला जगावयास सांगतो. देशासाठीं मरण्याचीं स्तोत्रें पुष्कळ आहेत. जगून मुलांचें संगोपन करणें हेंही कर्तव्य आहे, असें युद्धकथेंतून सांगावयास धैर्य लागतें.

भोर-वेल्ह्याच्या वाचकांस हें परकें वाटूं नये. १२ जुलै १९६१ रोजीं आमच्या वेल्हे तालुक्यांतील पानशेतचें धरण फुटलें, त्या लोंढ्यानें खडकवासल्याचें धरणही फुटलें आणि पुणें शहरांत हाहाकार उडाला. त्या संकटास दांत नव्हते कीं शेपूट नव्हती. पाऊस तर दरसाल येतो. तो आला तेव्हां धरण अपुरें होतें. तेथेंही पहिला प्रश्न होता, हें कोणीं केलें? त्यासाठीं चौकशी आयोग नेमावा लागला. दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर लष्कराच्या जवानांनीं दिलें. धरण वांचत नाहीं असें दिसत असतांही ते रात्रभर वाळूचीं पोतीं रचीत राहिले. त्यामुळें लोंढा मध्यरात्रीं झोपलेल्या शहरावर न येतां दिवसाउजेडीं आला आणि असंख्य लोकांस पळावयास अवधि मिळाला. त्यांच्या हातून राक्षस मेला नाहीं, पण माणसें वांचलीं.

तेव्हां आमचा निर्णय असा: चित्रपटास मिळालेली स्तुति योग्य आहे, पण ती चुकीच्या ठिकाणीं खर्चीं पडत आहे. समुद्राच्या लाटा व कोसळणारीं घरें पाहून टाळ्या वाजविणारास चित्रपटाचा लहान भागच मिळाला. पालकांस आमची विनंती, कीं मुलांनीं असा चित्रपट पाहिला असतां ‘वेळ घालविलास’ म्हणून रागावूं नये. जवळ बसून वरील दोन प्रश्न विचारावे. आणि मुलांनो, उत्तर देतांना राक्षसाची उंची सांगूं नका. त्या कारागिरानें ज्याचा द्वेष केला त्याच्याच विमानांत तें आसन कां बसविलें, तें सांगा.