पैसा हाच आरोपी!

'युनायटेड स्टेट्स विरुद्ध १,२४,७०० डॉलर्स' हे कुठल्या विनोदी नाटकाचे नाव नाही, अमेरिकेतील एका खऱ्या खटल्याचे नाव आहे. तिथे सरकार माणसाऐवजी थेट पैशावर दिवाणी दावा लावू शकते. माणसावर गुन्हा शाबीत व्हावा लागत नाही. पैशाचा अमली पदार्थांशी संबंध असणे अधिक संभवनीय आहे, एवढे न्यायालयाला पटले की रक्कम सरकारजमा!

मे २००३ मध्ये नेब्रास्का राज्यात वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल भाड्याची एक मोटार अडवली गेली. गाडीतील शीतपेटीत ही रोकड सापडली. पोलिसांच्या कुत्र्याने इशारा दिला, पण अमली पदार्थ कणभरही मिळाला नाही. मित्रांनी मिळून शीतवाहक ट्रक घेण्यासाठी पैसे जमवले होते, शिकागोला पोहोचेपर्यंत ट्रक विकला गेला होता, असे चालकाचे म्हणणे. त्याने आधी पैसे नसल्याचे खोटे सांगितले, हेही खरे. खालच्या न्यायालयाने त्याचे म्हणणे मान्य केले; परंतु २००६ मध्ये अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा मतांनी निकाल फिरवला. एवढी मोठी रोकड जवळ बाळगणे हाच त्याच्याविरुद्धचा भक्कम पुरावा मानला गेला.

अमली पदार्थांचा व्यापार रोखीत चालतो, हे आम्ही नाकारत नाही. या विषाने घरेच्या घरे उद्ध्वस्त होतात. त्या पैशावर टाच आलीच पाहिजे. पण गुन्हेगार रोकड बाळगतो म्हणून रोकड बाळगणारा प्रत्येक जण गुन्हेगार, हे कुठले तर्कशास्त्र? कुत्र्याच्या इशाऱ्याचेही तेच. लॉस एंजेलिस परिसरातील ७५ टक्क्यांहून अधिक नोटांना अमली पदार्थांचा अंश लागलेला असतो, या माहितीच्या आधारे तिथल्याच दुसऱ्या एका अपील न्यायालयाने १९९४ मध्ये असा इशारा दुबळा पुरावा ठरवला होता.

त्यात जप्त रकमेचा ८० टक्क्यांपर्यंत वाटा केंद्रीय योजनेतून स्थानिक पोलिसांना मिळू शकतो. ज्याच्या हाती ससा तो पारधी! न्यू मेक्सिकोने २०१५ मध्ये आणि खुद्द नेब्रास्काने २०१६ मध्ये आपापल्या राज्यातील अशी दिवाणी जप्ती बंद केली, ती उगाच नव्हे.

हे सातासमुद्रापलीकडचे, आपल्याला काय त्याचे, असे वाचकांनी म्हणू नये. आपल्या १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात १९८९ मध्ये मालमत्ता जप्तीचे प्रकरण घातले गेले. तो कायदा निदान अटक, स्थानबद्धता वा शिक्षा झालेल्या माणसापासून सुरू होतो; पण त्याच्या नातेवाइकांपर्यंतही पोहोचतो, आणि मालमत्ता बेकायदा नाही हे सिद्ध करण्याचा भार ज्याची मालमत्ता त्याच्यावरच टाकतो. एकत्र कुटुंबात, सामाईक कपाटात पैसा ठेवणाऱ्या आपल्या घरांनी याचा विचार करावा. निवडणूक काळात सीमेवरच्या नाक्यांवर ५० हजारांहून अधिक रोख कागदपत्रांविना नेणाऱ्या शेतकरी-व्यापाऱ्यांची होणारी अडवणूक तर आपल्या परिचयाची आहे. तिथे अमली पदार्थांचा प्रश्न नसतो, पण आधी जप्ती आणि मग खुलासा हा क्रम तोच.

आमचे म्हणणे साधे आहे. रोकड हे तपास सुरू करण्याचे कारण असावे, तपास संपवण्याचे नव्हे. गुन्ह्याशी दुवा जोडण्याची जबाबदारी सरकारची असावी, आणि जप्त करणाऱ्याच्या तिजोरीत त्यातला पैसाही जाऊ नये. तोवर वाचकांनी बाजाराच्या पट्ट्या, बँकेच्या पावत्या आणि विक्रीचे कागद रकमेसोबत बाळगावेत. बड्या तस्कराला वकिलांची फौज परवडते. हेलपाटे घालतो तो गरीब. चोर सोडून संन्याशाला सुळी देणारा कायदा चोराला कधीच धाक घालू शकत नाही.