संगणकाचे शब्द आणि आपला सातबारा



संगणक आता कोणालाही नवा राहिलेला नाही. वाशिम, कारंजा, मंगरूळपीर, रिसोड, मालेगाव, मानोरा यांपैकी कोणत्याही गावी जा. बँकेत, रास्त भाव दुकानात, दवाखान्यात तो कोणत्या ना कोणत्या रूपात दिसतो. खिशातला मोबाइल हाही एक लहान संगणकच आहे. असे असूनही आज्ञावली, क्लास, ऑब्जेक्ट हे शब्द कानावर पडले, की पुष्कळ मुले मागे सरतात. ‘हे इंग्रजी शाळेतल्या मुलांचे काम, आपले नव्हे,’ असे त्यांना वाटते.

माझ्या मते हा समज चुकीचा आहे. हे शब्द परके वाटतात, पण त्यांच्यामागचे विचार आपल्या घरातलेच आहेत. शेतकऱ्याच्या घरात सातबाऱ्याचा कागद असतो. त्या एका कागदावरून संगणकातले मोठे विचार समजू शकतात. कसे, ते पाहू.

आधी काही साधे शब्द घेऊ. संगणकाचा जो भाग हाताला लागतो, तो म्हणजे हार्डवेअर. पडदा, कळफलक, माउस, आतल्या चिप ही सारी हार्डवेअरची उदाहरणे होत. या यंत्राने काय करायचे ते जे सांगते, ते सॉफ्टवेअर. कव्वालीच्या बैठकीत पेटी तीच असते. चाल बदलली की गाणे बदलते. पेटी म्हणजे हार्डवेअर आणि चाल म्हणजे सॉफ्टवेअर, असे समजा.

आता बाजार समितीत चला. सोयाबीनचे वजन झाले. ते १२ क्विंटल भरले आणि क्विंटलला भाव समजा ४,००० रुपये मिळाला. हे दोन आकडे यंत्राला दिले, हे झाले इनपुट. यंत्राने गुणाकार केला, ही झाली प्रक्रिया. ४८,००० रुपयांची पावती बाहेर आली, हे आउटपुट. हिशेब चालू असताना आकडे जेथे ठेवले जातात, ती मेमरी म्हणजे स्मृती. स्मृतीचा एक प्रकार पाटीसारखा असतो. वीज गेली की तो पुसला जातो. त्याला रॅम म्हणतात. दुसरा प्रकार वहीसारखा असतो. वीज गेली तरी त्यातला मजकूर टिकतो. त्याला साठवण म्हणतात.

यंत्राला क्रमाने दिलेल्या आज्ञांची यादी म्हणजे आज्ञावली, अर्थात प्रोग्रॅम. आणि काम पायरीपायरीने करण्याची पक्की रीत म्हणजे अल्गोरिदम. हा शब्द कोठून आला, ठाऊक आहे का? नवव्या शतकात बगदादमध्ये अल्-ख्वारिझ्मी नावाचे थोर गणिती होते. भारतीय अंकांनी हिशेब कसा करावा, यावर त्यांनी ग्रंथ लिहिला. पुढे त्याचे लॅटिन भाषांतर झाले. त्यांच्या नावाच्या लॅटिन रूपावरून अल्गोरिदम हा शब्द निघाला. त्यांच्याच दुसऱ्या ग्रंथाच्या नावात ‘अल्-जब्र’ हा शब्द आहे. त्यावरून बीजगणिताला अल्जेब्रा हे नाव पडले. अंक भारतातून गेले, बगदादला त्यांवर ग्रंथ झाला, युरोपात त्याला नवे नाव मिळाले आणि आज तो शब्द आपल्याकडे परत आला आहे. मग तो शब्द परका कसा म्हणावा?

आता मुख्य विषयाकडे वळू. मोठमोठ्या आज्ञावली लिहिण्याची एक रीत आहे. तिला ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग म्हणतात. आपण तिला वस्तुकेंद्री आज्ञावली म्हणू. येथे आपल्याला सातबारा उपयोगी पडेल.

गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा मिळून सातबारा होतो. जमीन कोणाची आहे, किती आहे आणि तिच्यावर इतर कोणाचा हक्क आहे, हे नमुना सातमध्ये असते. कोणत्या हंगामात कोणते पीक घेतले, हे नमुना बारामध्ये असते. ‘नमुना’ हा शब्द उर्दूतही आहे. मालक, हक्क, वारस हे शब्दही तुम्ही घरी बोलता. संगणकाचे हे विचार समजायला एवढे शब्द पुरेसे आहेत.

कोरा नमुना डोळ्यांपुढे आणा. त्यावर कोणाचे नाव नाही आणि जमीनही नाही. फक्त रकाने आहेत. असा कोरा नमुना म्हणजे क्लास. आता एखाद्या गटाची माहिती त्यात भरली. गट क्रमांक, मालकाचे नाव, क्षेत्र, पीक हे सारे लिहिले. तयार झालेला हा उतारा म्हणजे ऑब्जेक्ट. नमुना एकच, पण त्यातून गावातले शेकडो उतारे तयार होतात. नमुन्यातले रकाने म्हणजे गुणधर्म. प्रत्येक रकान्यात कोणत्या प्रकारची माहिती यावी हेही ठरलेले असते. क्षेत्राच्या रकान्यात आकडा हवा. तेथे ‘सोयाबीन’ लिहून चालत नाही. माहितीच्या या प्रकाराला डेटा टाइप म्हणतात.

सातबाऱ्यात शेताची सगळी हकिकत असते का? नाही. बांधावरच्या बोरांची चव त्यात लिहिलेली नसते. कामापुरते तेवढेच घेतलेले असते. आज्ञावली लिहितानाही असेच करावे लागते. कामाचे तेवढे ठेवायचे व बाकीचे सोडायचे. याला ॲब्स्ट्रॅक्शन म्हणतात.

उतारा एकदा झाला म्हणजे कायमचा झाला, असेही नसते. जमीन विकली जाते, वारसांची नावे लागतात, बँकेचा बोजा चढतो आणि उतरतो. वस्तूवर होणाऱ्या अशा कामांना मेथड म्हणतात. पण एक गोष्ट लक्षात घ्या. मनाला येईल त्याने सातबाऱ्यावरचे नाव खोडून दुसरे लिहिले, असे चालत नाही. आधी फेरफाराची नोंद होते. संबंधित लोकांना नोटीस जाते. हरकत घेण्यासाठी मुदत मिळते. मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. त्यानंतर सातबारा बदलतो. चांगल्या आज्ञावलीतही वस्तूच्या आतली माहिती अशीच बंद ठेवलेली असते. ठरलेल्या मेथडच्या वाटेनेच ती बदलता येते. याला एन्कॅप्सुलेशन म्हणतात. त्याचा फायदा असा, की चूक झाली तर ती कोणत्या वाटेने आत शिरली हे शोधता येते.

यापुढचा शब्द आहे इनहेरिटन्स, म्हणजे वारसा. त्याची कथा नॉर्वे देशातली आहे. १९६० च्या दशकात ओस्लो येथील नॉर्वेजियन संगणन केंद्रात ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगोर हे दोघे सिम्युला नावाची संगणक भाषा तयार करत होते. प्रत्यक्ष जगातल्या घडामोडींची नक्कल संगणकात करून पाहावी, हा त्यांचा उद्देश होता. पुलावरचा पथकर नाका आणि तेथे उभी असलेली ट्रक व बस यांची रांग, असे एक उदाहरण त्यांच्यासमोर होते. ट्रक आणि बस दोन्ही वाहनेच. दोन्ही येतात, रांगेत उभी राहतात, पैसे देतात. मात्र ट्रकमध्ये माल असतो आणि बसमध्ये प्रवासी. मग समान गोष्टी दोनदा कशाला लिहायच्या? ‘वाहन’ नावाच्या क्लासमध्ये त्या एकदाच लिहाव्यात. ट्रक आणि बस यांनी तो वारसा घ्यावा आणि आपापले वेगळेपण त्यात घालावे. हंगामात बाजार समितीच्या दारात ट्रॅक्टर आणि टेम्पो यांची रांग लागते. त्या रांगेलाही हाच विचार लागू पडतो.

शेतीचा वारसा आणि क्लासचा वारसा यांत मात्र एक फरक आहे. जमीन मुलांत वाटली, की प्रत्येकाच्या वाट्याला कमी येते. क्लासचा वारसा कितीही जणांनी घेतला, तरी तो कमी होत नाही. तो विद्येसारखा आहे. विद्याही दिल्याने घटत नाही.

शेवटचा शब्द पॉलिमॉर्फिझम, म्हणजे बहुरूपता. ‘मोज’ ही एकच आज्ञा घ्या. सोयाबीनला ही आज्ञा दिली तर उत्तर किलोत येईल. दुधाला दिली तर लिटरमध्ये येईल. शेताला दिली तर हेक्टर आणि आरमध्ये येईल. आज्ञा एकच, पण प्रत्येक वस्तू ती आपल्या रीतीने पाळते. उद्या यादीत कापड आले, तर ते मीटरमध्ये उत्तर देईल. आज्ञा देणाऱ्याला आपली आज्ञा बदलावी लागणार नाही.

आता तुम्ही म्हणाल, ‘हे सारे कळले, पण पुढे इंग्रजीच लागेल ना?’ लागेल, हे खरे आहे. जावा, पायथॉन या भाषांतल्या आज्ञा इंग्रजी शब्दांत लिहितात. ते शब्द शिकलेच पाहिजेत. पण आधी विचार समजावा आणि मग शब्द पाठ करावा, असे माझे मत आहे. डाल आणि न्यूगोर नॉर्वेचे होते. १९७९ मध्ये सी प्लस प्लस या भाषेच्या कामाला सुरुवात करणारे ब्यार्ने स्ट्रोस्ट्रुप डेन्मार्कचे. १९९१ मध्ये पायथॉन जगापुढे आणणारे गिडो व्हान रॉसम नेदरलँड्सचे. यांच्यापैकी कोणाचीही मातृभाषा इंग्रजी नव्हती. इंग्रजी त्यांनी शिकून घेतली. तुम्ही तर आताच उर्दू, मराठी आणि इंग्रजी शिकत आहात. एकाच वस्तूला तीन नावे असू शकतात, हे तुम्हाला कोणी वेगळे शिकवावे लागत नाही.

शिवाय संगणकाला स्वतःला कोणतीच भाषा येत नाही. त्याला फक्त शून्य आणि एक कळतात. प्रत्येक अक्षराला तो एक क्रमांक देतो. युनिकोड नावाच्या जागतिक यादीत इंग्रजीतल्या मोठ्या ए या अक्षराचा क्रमांक ६५ आहे, मराठी ‘क’चा २३२५ आणि उर्दूतल्या काफचा १७०५. यंत्राच्या दृष्टीने हे तिन्ही केवळ आकडे आहेत. त्यांतला एक मोठा आणि दुसरा लहान, असा भेदभाव ते करत नाही. तो आपणच मनात धरतो.

दुसरी अडचण अशी सांगितली जाते, की शाळेत संगणक पुरेसे नाहीत, किंवा आहेत ते कुलूप लावलेल्या खोलीत आहेत. ही अडचण खरी आहे. ते कुलूप उघडलेच पाहिजे. हाताने केल्यावाचून ही विद्या येत नाही. पण तोवर हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. क्लास आणि ऑब्जेक्ट कागदावरही मांडता येतात. आज घरी जाऊन ‘वाचनालयाचे पुस्तक’ या नावाचा एक कोरा नमुना तयार करा. त्याला कोणते रकाने हवेत? देणे आणि परत घेणे यांची रीत काय असावी? शब्दकोश घरी नेता येत नाही, मग त्याचा वेगळा क्लास करावा का? हे प्रश्न सोडवताना तुम्ही आज्ञावली लिहिणाऱ्यासारखाच विचार करत असाल.

संगणक हे दूरच्या शहरातल्या लोकांचेच क्षेत्र आहे, असेही मानू नका. १९९१ मध्ये पुण्याच्या सी-डॅक या संस्थेत परम ८००० हा भारताचा महासंगणक तयार झाला. त्या कामाचे नेतृत्व करणारे डॉ. विजय भटकर यांचा जन्म अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा या खेड्यातला. त्या वेळी आपला वाशिमही अकोला जिल्ह्यातच होता. १ जुलै १९९८ रोजी तो वेगळा जिल्हा झाला.

मित्रांनो, हा विषय केवळ नोकरीचा नाही. २००१ नंतर एमएस-सीआयटीसारखे अभ्यासक्रम गावोगावी पोहोचले आणि लाखो मुले संगणक चालवायला शिकली. हे चांगलेच झाले. पण चालवणे वेगळे आणि समजणे वेगळे. आपल्या जमिनीची नोंद संगणकात गेली आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतातल्या पिकाची नोंद शेतकरी स्वतः मोबाइलवर करू लागला. पुष्कळ घरांत वडील तो मोबाइल मुलाच्या किंवा मुलीच्या हाती देतात. तेथे चुकीचा गट निवडला गेला, तर पीक एका शेतात उभे राहील आणि त्याची नोंद दुसऱ्याच शेतावर होईल. पुढे मदत किंवा विमा मागायची वेळ आली, की या चुकीची किंमत घराला मोजावी लागते. कोणता रकाना कशासाठी आहे, नोंद कोणत्या वाटेने बदलते, हे ज्याला समजते तो आपली चूक सुधारून घेऊ शकतो. ज्याला समजत नाही तो दारोदार विचारत फिरतो.

न्यूगोर यांनाही हे जाणवले होते. १९७० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी नॉर्वेतल्या लोखंड व धातू कामगारांच्या संघटनेबरोबर काम केले. ज्या यंत्रांनी आपले काम बदलणार आहे, ती यंत्रे कामगारांनाही समजली पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता. कामगाराला जे लागू, ते शेतकऱ्याला आणि त्याच्या मुलामुलींनाही लागू आहे.

म्हणून माझे सांगणे एवढेच आहे. नव्या शब्दाला भिऊ नका. तो कानावर पडला, की आपल्या भाषेत त्याचा अर्थ विचारा, आपल्या गावातले त्याचे उदाहरण शोधा आणि मग तो इंग्रजीत लिहून ठेवा. आज घरी गेल्यावर सातबारा मागून घ्या. घरी शेती नसेल तर रेशनकार्ड घ्या. त्यातला क्लास कोणता, ऑब्जेक्ट कोणता आणि गुणधर्म कोणते, ते वहीत लिहा. मग ते आपल्या आईला किंवा वडिलांना समजावून सांगा. त्यांना समजले, तर तुम्हालाही नक्की समजले आहे.