मोटार सीमेपार नेताना



पूर्वी आपल्याकडची वडीलधारी मंडळी काशीयात्रेस निघत, तेव्हा देणीघेणी चुकती करूनच उंबरठा ओलांडीत. परवा आमच्या इंदूरच्या आळीतील एक कुटुंब स्वतःच्या मोटारीने पशुपतिनाथास निघाले होते. चाके तपासून झाली, चिवड्याचे डबेही भरून झाले. मी सहज विचारले, "विम्याचे काय केलेत?"

"आहे की! मार्चपर्यंतचा आहे," यजमान उत्तरले.

विमा होता, परंतु भारतापुरता. आपल्या मोटार-विम्याचे संरक्षण सरहद्दीपाशी संपते. नेपाळ, भूतान, बांगलादेश यांसारख्या शेजारी देशांसाठी जादा हप्ता भरून पॉलिसीवर तशी नोंद करून घ्यावी लागते. ती नसताना पलीकडे अपघात झाला, तर सारा भार आपल्याच शिरावर.

गोरखपूरमार्गे सोनौलीस पोचल्यावर नेपाळच्या हद्दीत 'भन्सार', म्हणजे जकात, दिवसांच्या हिशेबाने भरावी लागते. मुदत उलटल्यास दंड होतो. म्हणून घाटातला खोळंबा धरून एखादा दिवस अधिकच मोजावा आणि पावती परतेपर्यंत जपावी.

इराणसारख्या दूरच्या देशांत मोटार न्यायची, तर 'कार्ने' नावाची पुस्तिका हवी. मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनसारखी संस्था आपल्याकडून आर्थिक हमी घेऊन ती देते. तिचा अर्थ एवढाच, की ही मोटार येथे विकली जाणार नाही, परत नेली जाईल. प्रवेशाचा शिक्का आहे पण निर्गमनाचा राहिला, तर मोटार तेथेच ठेवली असे समजून आयातकर मागितला जातो. शिक्का उमटल्याचे डोळ्यांनी पाहिल्यावाचून पुढे जाऊ नये. चालकास आंतरराष्ट्रीय परवानाही लागतो. तो आरटीओत मिळतो, एक वर्ष चालतो, व मूळ परवाना सोबत ठेवावाच लागतो.

२०१६ मध्ये भारुलता कांबळे इंग्लंडहून एकट्या मोटार हाकीत ३२ देश ओलांडून महाडला, आपल्या सासरी, आल्या. त्यांच्या धैर्याचे कौतुक सर्वांनी केले. परंतु सीमेवरचा अधिकारी धैर्य पाहत नाही, कागद पाहतो. तेव्हा त्या धैर्यामागे कागदांची केवढी जुळवाजुळव असेल, याचाही विचार करावा.

आमच्या शेजाऱ्यांची यात्रा विम्यापायी तीन दिवस लांबली. यजमान थोडे रुसले. घरातल्या आजी मात्र शांतपणे म्हणाल्या, "तीन दिवसांत देव कोठे जात नाही."