करार भिंतीवर, किल्ली रजेवर

मा. कुलगुरू आणि मा. विभागप्रमुख, रसायनशास्त्र विभाग यांस,



आपल्या विद्यापीठाशी संलग्न असलेल्या, तालुक्याच्या गावच्या एका महाविद्यालयात मी रसायनशास्त्र शिकवतो. आपल्या विभागाच्या व्हरांड्यात सामंजस्य करारांचे फोटो ओळीने लावले आहेत. शाल, श्रीफळ आणि कॅमेऱ्याकडे धरलेली फाइल. गेल्या मार्चमध्ये मी ते सगळे निवांत पाहिले, कारण दीड तास दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. माझ्या दोन विद्यार्थिनींनी सहा गावांच्या हातपंपांचं पाणी आणलं होतं. अठरा बाटल्या, सगळ्या प्लास्टिकच्या. फ्लोराइडचा नमुना काचेत ठेवत नाहीत, हे त्यांनी एसटीच्या कंडक्टरलाही समजावून सांगितलं होतं. फ्लोराइडचा इलेक्ट्रोड विभागात होता. कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे, ते रजेवर. संध्याकाळच्या गाडीने बाटल्या परत गेल्या.

यवतमाळ, चंद्रपूरकडच्या कितीतरी गावांत फ्लोराइड जास्त आहे, हे आपल्याला सांगायला नको. मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅम. दुसरं पाणीच नसेल तर १.५. दातांवर तपकिरी पट्टे असलेली मुलं माझ्या वर्गात बसतात. फ्लोराइडचं काम एकट्या रसायनशास्त्राचं नाही. कुठल्या खडकातून काय उतरतं ते भूगर्भशास्त्रवाले सांगतील, दात दंतवैद्य तपासतील, कोणतं घर कोणत्या पंपावर पाणी भरतं हे माझ्या विद्यार्थिनींना पाठ आहे. आपण फ्लोराइड मोजायचं आणि काढायचं. काढण्यासाठी नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने तुरटी-चुन्याची नलगोंडा पद्धत केव्हाच दिली आहे. पण तुरटी किती घालायची हे त्या-त्या पाण्याच्या अल्कलिनिटीवर ठरतं, आणि प्रमाण चुकलं की पाण्यात ॲल्युमिनियम मागे राहतं. म्हणजे पंपागणिक मोजणी आली. एमएस्सीचे दहा प्रकल्प यात सहज निघतील. सध्या आमची मुलं आदल्या वर्षीच्या प्रकल्पाचं मुखपृष्ठ बदलतात. त्यांना बोलण्यात अर्थ नाही, आम्हीच दुसरं काही दिलेलं नाही.

परदेशी विद्यापीठांशी करार जरूर करा. आमच्याशी करार नको, आठवड्यातला एक दिवस द्या. त्या दिवशी उपकरणांवर संलग्न महाविद्यालयांची नोंद आधी, किल्ली दोघांकडे, आणि मुलांना एसटीचं भाडं. शोधनिबंध निघालाच तर नमुने आणणाऱ्या मुलींचं नाव लेखकांत असावं, आभारात नव्हे. यासाठी नवी इमारत लागत नाही, विद्वत परिषदेचा ठरावही लागू नये.

त्या दोघींनी यंदा पुन्हा नमुने घेतले आहेत. बाटल्या तयार आहेत. आम्हाला मंगळवार सोयीचा पडेल. सकाळची पहिली गाडी साडेदहाला आपल्याकडे पोचते.

आपला,
संलग्न महाविद्यालयातील एक प्राध्यापक